कोंडवाड्यातली मोटार

गोंदियाच्या स्टेशनात तारबाबू असलेल्या माणसाला रेल्वेचा पास फुकट मिळतो. शिवलाल तुरकरलाही तो मिळत होता. गोंदियाहून सौंदडपर्यंत छोटी गाडी जात होती. सौंदडला सासऱ्यांची बैलगाडी येऊन थांबत होती आणि तिथून पिपरटोला, म्हणजे शिवलालची सासुरवाडी, इतकी जवळ होती की गाडीत बसताना तोंडात टाकलेलं पान गावच्या वेशीवर थुंकावं. इतकी सगळी सोय असताना शिवलालनं १९३७ सालच्या दिवाळीनंतर सासरी मोटारीनं जायचं ठरवलं. त्याला कारण एकच होतं. मोटार त्याच्याकडे होती.

ती त्यानं एका बिडीच्या ठेकेदाराकडून घेतली होती. ठेकेदार मोठा भला माणूस. मोटार देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते दुःखाचं होतं अशी शिवलालची बरेच दिवस समजूत होती.

आता मोटारीनं कुठेही जाता येतं, मग सासरीच का, असं कोणी विचारील. तर भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी येतात, जावई येतात, सोयरेधायरे येतात, दिवसभर बाजार आणि रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्यांचा खेळ. त्या दिवशी कोणाचा जावई कसा आला हे सारं गाव डोळे भरून पाहतं आणि पुढची मंडई येईपर्यंत त्यावर बोलतं. मागच्या वर्षी एक जावई घोड्यावरून आला होता. घोडं मंडईत उधळलं आणि थेट गुळाच्या दुकानात शिरलं. त्या जावयाला नाव होतं, शिक्षण होतं, शेती होती. पण पिपरटोल्यात तो आता ‘गूळवाला जवाई’ म्हणूनच ओळखला जात होता.

शिवलालनं मोटारीनं येत असल्याचं कळवलं. त्याचे सासरे, पिपरटोल्याचे मालगुजार मुन्नालाल बिसेन, यांचं उत्तर आलं: ‘मोटारीने या. आनंद आहे. मंडईच्या तोंडाशी बैलजोडी शिंगे रंगवून तयार ठेवतो. मोटार जिथे बसेल तिथून ओढून आणू.’

शिवलालनं हे पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून वाचलं. मग त्यानं उलट टपाली लिहिलं: ‘बैलांना त्या दिवशी सुट्टी द्यावी.’

झालं. आता शुक्रवारच्या मंडईत मोटार स्वतःच्या चाकांवर आणि पुढे कोणतंही जनावर न जुंपता शिरली पाहिजे होती. नाहीतर ‘बैलवाला जवाई’ हे नाव जन्माचं चिकटणार होतं.

मंगळवारी सकाळी शिवलाल आणि त्याची बायको प्रेमिला अनारशांचा डबा घेऊन निघाले. शेजारच्या शकुंतलाबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, “रेल्वेनं काऊन नाई जात जी? पास हाय ना?” शिवलालनं उत्तर दिलं नाही. तो तीन रविवारांत मोटार शिकला होता आणि चालवताना बोलण्याचा धडा चौथ्या रविवारी होता.

*

कोसमघाट हे डोंगराच्या माथ्यावरचं गाव. पाच-पन्नास घरं, एक डाकबंगला, एक कोंडवाडा आणि एक कालेज. कालेज म्हणजे खेड्यांतल्या शाळांसाठी मास्तर घडवायचं ट्रेनिंग स्कूल. पण कोसमघाटात त्याला ट्रेनिंग स्कूल म्हणणाऱ्याशी लोक दोन दिवस बोलत नसत. मोटार घाट चढत वर आली, कालेजच्या फाटकासमोर थांबली आणि तिनं नाकातून वाफ सोडली. मग रेडिएटरच्या खालच्या अंगानं पाण्याची धार लागली. रस्त्यावर एक छोटा ओहोळ तयार झाला आणि दोन बदकं त्यात येऊन उभी राहिली.

गाव जमा झालं. पहिली पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. कोसमघाटची माणसं सभ्य. कोणाची मोटार मरत असताना तोंड उघडू नये एवढं त्यांना कळत होतं.

मग डाकबंगल्याचा चौकीदार टिकाराम पुढे आला.

“साहेबाची मोटार होये का जी?”

“माझी आहे. बंगल्याच्या आवारात लावतो. दोन दिवस खोलीही हवी.”

“तुमची होये तं नाई जमत. बंगल्यात साहेबाची मोटार ठेवता येते. दुसऱ्याची ठेवाची तं भंडाऱ्याहून परवानगी आणा लागते.”

“भंडाऱ्याला जायला मोटार लागेल. मोटार बंद आहे.”

“मंग चालू झाली का आणा,” टिकाराम समजुतीनं म्हणाला. “काई घाई नाई.”

“तोवर ती इथंच राहू दे.”

“सडकेवर? सडक अडवली का कोंडवाडा लागते जी.”

“अहो, कोंडवाडा मोकाट जनावरांसाठी असतो! मी मालक इथं उभा आहे!”

“बैलाचा मालकबी उभाच राहाते. बैल तरी जातेच.”

कोंडवाड्याचा चौकीदारही टिकारामच होता, त्यामुळे एका अंगानं त्यानं मोटार पकडली, दुसऱ्या अंगानं ताब्यात घेतली आणि मधल्या वेळात पोट्ट्यांना ढकलायला लावली. कोंडवाड्यात तेव्हा एक म्हैस आणि तीन बकऱ्या होत्या. म्हैस बाजूला सरकली. त्या साऱ्या दिवसात शिवलालला न मागता मिळालेली ही पहिली जागा.

टिकारामनं रजिस्टर उघडलं. तो प्रामाणिक माणूस होता. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही ही त्याची शिस्त. प्रकार: मोटार. रंग: काळा. शिंगे: दोन. इथं शिवलालनं हरकत घेतली, तेव्हा टिकारामनं दिव्यांकडे बोट दाखवलं. शेपूट: नाही. खोड: वाफ सोडते.

“आता नेताना इथं सही कराची आन् शेरा लेयाचा,” टिकाराम म्हणाला. “जनावर सुखरूप भेटलं का नाई, थे. शेऱ्याबिगर माझं पान बंद होत नाई.”

*

खोलीचा प्रश्न कालेजनं सोडवला. प्रिन्सिपाल गुलाबचंद गुरुजी स्वतः आले. उंच, किडकिडीत, शुद्ध बोलणारे. त्यांनी शिवलाल-प्रेमिलाला नकाशांच्या खोलीत उतरवलं. खोलीत दोन खाटा, एक पृथ्वीचा गोल आणि भिंतीवर माणसाच्या आतड्यांचा मोठा रंगीत तक्ता होता. प्रेमिलानं पहिल्याच संध्याकाळी तक्त्यावर आपली शाल टाकली, कालेजच्या खानावळीतल्या बायकांत जाऊन बसली आणि अशी रमली की जणू ती इथं येण्यासाठीच निघाली होती.

“मात्र आमचीही एक विनंती आहे,” गुरुजी शिवलालला म्हणाले. “आमच्या एक्केचाळीस विद्यार्थ्यांना वस्तुपाठ द्यावे लागतात. गावातल्या मुलांसमोर प्रत्यक्ष वस्तू ठेवून तिचे ज्ञान करून देणे. गेली सहा वर्षे आम्ही नांगर, कंदील आणि दगडी पाटा यांवर भागवत आहोत. मुलांना आता पाट्याविषयी नवीन काही सांगण्यासारखे उरलेले नाही.”

त्यामुळे बुधवारी सकाळी कोंडवाड्यात शाळा भरली. पोरं कुंपणाच्या बाहेर, मोटार आत, आणि पाठ देणारा भैय्यालाल नावाचा घामाघूम विद्यार्थी म्हशीच्या बाजूला. शिवलाल कुतूहलानं बघत उभा होता, तेवढ्यात भैय्यालालनं छडी वळवली.

“मोटारीचे मुख्य भाग चार. चाके, दिवे, इंजिन आणि मालक. मुलांनो, मालकाचा उपयोग काय?”

पोरं विचारात पडली. एका मुलीनं हात वर केला.

“मोटार ढकलाले, गुरुजी!”

“शाबास,” भैय्यालाल म्हणाला आणि फळ्यावर तसं लिहिलं.

गुलाबचंद गुरुजींनी वहीत भैय्यालालचे गुण मांडले. शिवलाल तिथून निघाला तो सरळ नकाशांच्या खोलीत जाऊन गोल फिरवत बसला. गोंदिया त्याला त्यावर सापडलं नाही. त्यामुळे त्याला बरं वाटलं. निदान सगळ्या जगाला हे कळणार नव्हतं.

*

पण दुपारी गावानं मोटारीची जबाबदारी घेतली. आणि एकदा कोसमघाटनं जबाबदारी घेतली की ते ती परत देत नाही.

पहिला सल्ला खानावळीच्या स्वयंपाक्याचा. रेडिएटरला चीर पडली आहे ना, मग आत तांदळाची घट्ट पेज ओता. गरम झाली की चिरेत बसेल आणि वाळून धरेल. पतंगाचा कागद त्यानंच चिकटतो, कालेजचे नकाशे त्यानंच चिकटवले आहेत. मुद्दा पटण्यासारखा होता. वाद पेटला तो तांदूळ कोणता घ्यावा यावर. हा भाताचा मुलूख. इथं तांदळाच्या बाबतीत मत नसलेला माणूस बाहेरगावचा समजतात. कोणी म्हणालं जुना. कोणी म्हणालं, जुना तांदूळ सुटा सुटा होते, नवाच पायजे. कोणी लुचई जातीचा तांदूळ आणला. एका म्हाताऱ्यानं ठणकावून सांगितलं, “मोटार पाव्हणी होये ना? पाव्हणीले मोटा तांदूळ देता का? चिन्नोर घाला!”

प्रत्येक घरातून बारीक, वासाचा चिन्नोर ओंजळ-ओंजळ आला. पेज शिजली, गाळून रेडिएटरमध्ये ओतली गेली. शिवलालनं हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, धार थांबली आणि कोसमघाटात टाळ्या वाजल्या. मग पेज उकळली. झाकण उडालं. पांढरा फवारा म्हशीच्या पाठीपर्यंत गेला आणि सगळ्या गावावर चिन्नोरचा असा वास पसरला की तीन घरांतली माणसं जेवणाची वेळ झाली समजून हातपाय धुऊन बसली. म्हशीनं मोटारीचं नाक चाटायला सुरुवात केली. ती तिथून हलेना.

टिकारामनं रजिस्टरात ‘खोड’ या रकान्यात भर घातली: भात शिजवते.

गुरुवारी पहाटे जमुनाबाई आल्या. जमुनाबाई लाखेच्या बांगड्या करत. कोसमघाटाभोवती कोसमाची झाडं, त्यांवर लाख, आणि त्या लाखेवर जमुनाबाईंचं पोट. वर्षभर जुळवलेला माल त्या पिपरटोल्याच्या मंडईत विकत. त्यांच्या तीन टोपल्या बांधून तयार होत्या. खाली जाणारी कापडवाल्याची बैलगाडी उजाडताच निघायची होती आणि त्यात त्यांची जागा ठरलेली होती. पण त्यांनी कोंडवाड्यात डोकावून पाहिलं आणि टोपल्या खाली ठेवल्या.

“कोयत्याची मूठ निघाली का लाख. हांडी फुटली का लाख. तुमी पेज काऊन पाजून राहिले बाप्पा? ते का बाळंतीण होये?”

त्यांनी निखारे मागवले, लाखेची कांडी तापवली आणि बोटाला पाणी लावत लावत चीर भरायला सुरुवात केली. बांगडीला देतात तशी कड गुळगुळीत केली. एक कांडी संपली, दुसरी संपली. मंडईत बसून बायकांच्या हातावर जागेवरच बांगडी वळायला ठेवलेली लाखही संपली. काम होईपर्यंत सूर्य डोक्यावर आला. कापडवाला दोनदा हाक मारून निघून गेला.

“आता तापू नका देजा,” जमुनाबाई म्हणाल्या. “लाख थंडीत लोखंड, गरमीत तूप.”

“थंडीचे दिवस आहेत,” शिवलाल म्हणाला. “तापणार कशी?”

सगळ्या गावानं मान डोलावली. खरंच, कार्तिकात काय तापणार? अंगणात वाळत घातलेला पापडसुद्धा दोन दिवस घेतो.

सही-शेऱ्याआधी चालवून पाहावी म्हणून मोटार कोंडवाड्यातून ऐटीत निघाली. अर्धा कोस गेली, तापली, आणि लाख मेणासारखी ओघळून रस्त्यावर पडली. पोरांनी ती गोळा करून परत आणली. मागून मोटारही ढकलत आणली. मालक ढकलत होता. रस्त्याच्या कडेला बुधवारची ती मुलगी उभी होती; तिनं भैय्यालालकडे पाहून अभिमानानं मान हलवली.

त्या संध्याकाळी शिवलाल कोंडवाड्याच्या कट्ट्यावर बसला. उद्या मंडई. परत जाऊन सौंदडची गाडी गाठायला आता वेळ नव्हता. खाली बैलांची शिंगं रंगवून झाली असणार. प्रेमिला शेजारी येऊन बसली.

“आयकलं का जी. जमुनाबाईची गाडी चुकली.”

“कुठली गाडी?”

“मंडईची. तुमच्या मोटारीपायी. वर्षाचा बाजार गेला त्याईचा. आन् थे बसल्या हायेत तुमची लाख फिरून वितळवत.”

शिवलालनं मान वर केली. निखाऱ्याशी जमुनाबाई खरंच बसल्या होत्या आणि पोरांनी आणलेल्या लाखेतले खडे वेचत होत्या. तीन दिवसांत आपला मान कुठं कुठं दुखावला याची शिवलालनं मनात चांगली लांब यादी केली होती. ती त्याला एकाएकी फार आखूड वाटली. तो उठून त्यांच्यापाशी गेला.

“जमुनाबाई, माझ्यामुळे तुमची मंडई बुडाली.”

“बुडाली का नाई थे उद्या पाहू,” त्या वर न पाहता म्हणाल्या. “मले एक सांगा. इथून पिपरटोल्यापर्यंत रस्ता कसा हाय?”

“घाट आहे. सगळा उतार. शेवटी वेशीपाशी थोडा सपाट.”

“मंग तापवता कायले?”

गेले तीन दिवस एक तारबाबू, एक प्रिन्सिपाल आणि एक्केचाळीस होऊ घातलेले मास्तर या मोटारीभोवती फिरत होते. उतारावर इंजिन लागत नाही हे त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

*

फक्त ब्रेकचा प्रश्न होता. शिवलालचा ब्रेकवर विश्वास नव्हता, आणि ब्रेकनंही तो ठेवायला त्याला कधी कारण दिलं नव्हतं. तो प्रश्न गुलाबचंद गुरुजींनी सोडवला. शुक्रवारी सकाळी जमुनाबाईंनी चीर पुन्हा लाखेनं भरली, कालेजच्या विहिरीचा दोर मोटारीच्या मागच्या बाजूला बांधण्यात आला आणि एक्केचाळीस विद्यार्थी तो धरून उभे राहिले.

“पुढे नाही, मागे,” गुरुजींनी सर्वांना बजावलं. “मोटार कोणी ओढत नाही. आपण ती केवळ आवरत आहोत. विषय: गुरुत्वाकर्षण.”

पुढे शिवलाल आणि प्रेमिला, मागे जमुनाबाई आणि त्यांच्या तीन टोपल्या. टिकाराम रजिस्टर घेऊन धावत आला, “सही, जी! शेरा!” पण तोवर मोटार फाटकाबाहेर पडली होती आणि ती थांबवणं कोणाच्याही हातात नव्हतं.

पावलं एकत्र पडावीत म्हणून विद्यार्थ्यांनी एकोणतीसचा पाढा धरला. डोंगर पाढ्यानं दुमदुमला. अर्ध्या घाटात समोरून एक गाडीवान आला. त्यानं बैल थांबवले, मोटार पाहिली, दोर पाहिला, दोराला लोंबकळणारं कालेज पाहिलं.

“काऊन जी, मोटार मागं ओढून राहिले का?”

“नाही,” शिवलाल गंभीरपणे म्हणाला. “पुढं सोडून राहिलो.”

शेवटच्या वळणावर दोर सोडला आणि गुंडाळून टोपल्यांजवळ टाकला. गुरुजींनी घामेजल्या हातानं शिवलालचा हात धरला आणि काहीतरी शुद्ध बोलायचं म्हणून तोंड उघडलं. पण त्यांना इतका दम लागला होता की ते नुसतंच “जा” म्हणाले. शिवलालनं हँडल मारलं. थंडगार इंजिन, थंडगार लाख. मोटार गर्जून उठली.

पिपरटोल्याची मंडई ऐन रंगात होती. तोंडाशी मुन्नालाल बिसेन नवा फेटा बांधून उभे होते. शेजारी बैलजोडी, शिंगं लाल, गळ्यात घुंगरं, जू तयार. सगळी मंडई रस्त्याकडे पाहत होती. आणि मोटार आली. धूळ उडवत, भोंगा वाजवत, एकटी, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. ती बरोबर मालगुजारांच्या पुढ्यात थांबली. शिवलालनं खाली उतरून वाकून नमस्कार केला.

मुन्नालालांनी मोटारीला एक फेरी घातली. मागे वाकून पाहिलं. दोराचा वळ दिसला, त्यावर बोट फिरवलं.

“आली वाटते,” ते म्हणाले. मालगुजारांच्या तोंडून याहून मोठी स्तुती पिपरटोल्यानं ऐकलेली नव्हती.

त्याच क्षणी लाख वितळली. सूंऽऽ करत एक फवारा उडाला आणि आत उरलेली बुधवारची पेज मालगुजारांच्या धोतरावर, जोड्यांवर आणि डाव्या बैलाच्या तोंडावर बसली. बैलानं जीभ फिरवली. मुन्नालालांनी वास घेतला, पुन्हा घेतला.

“चिन्नोर होये,” ते म्हणाले. “नवा. जवाईबापू, जेवण संगं आणाची का गरज होती? घरी शिजला हाय ना!”

आणि ते स्वतःच असे हसले की त्यांचा नवा फेटा सुटला. मग सगळी मंडई हसली. शिवलालही हसला. त्याला हसताना पाहून प्रेमिलाला इतकं नवल वाटलं की तिच्या हातातला अनारशांचा डबा कलंडला.

या गडबडीत जमुनाबाई मागच्या दारानं उतरल्या होत्या. मोटारीतून बांगडीवाली उतरली ही गोष्ट मंडईत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यातच बायकांचा गराडा पडला. “मोटारीतली बांगडी द्या वो माय!” दिवस मावळायच्या आत तीनही टोपल्या पालथ्या झाल्या. शेवटच्या बाईला जमुनाबाईंनी रेडिएटरवरून ओघळलेली लाख खरवडून जागेवर वळून दिली. त्या बांगडीला भाताचा वास होता. ती बाई ती बांगडी पुढं कितीतरी दिवस हुंगायला देत असे.

*

रविवारी मुन्नालालांनी बैलजोडी मोटारीला जुंपून दिली. येताना ओढलेलं मंडईत बोलतात. जाताना ओढलेलं कोणी विचारत नाही. घाट चढून मोटार कोसमघाटात शिरली तेव्हा गाव फाटकाशी उभं होतं. शिवलालनं विहिरीचा दोर परत केला, मालगुजारांनी पाठवलेलं नव्या चिन्नोरचं पोतं खानावळीत उतरवलं आणि भैय्यालालला बोलावून सांगितलं की पाठ पुन्हा घ्यायचा असेल तर मालक तयार आहे. मग तो कोंडवाड्याकडे गेला. मोटारीचा वास येताच म्हैस कुंपणाशी आली.

टिकाराम रजिस्टर उघडून बसलाच होता. तीन दिवस ते पान बंद झालेलं नव्हतं आणि तीन दिवस त्याला अन्न गोड लागलेलं नव्हतं.

“सही, जी. आन् शेरा.”

शिवलालनं टाक घेतला. रकाना बोटभर होता. तो तारबाबू होता, थोडक्यात लिहायची त्याला सवय होती. तरी त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं लिहिलं:

‘जनावर सुखरूप मिळाले. मालकासही दाणा-पाणी व निवारा उत्तम मिळाला. पुढील मंडईस पुन्हा पकडावे, ही विनंती.’